दुपारी तीनला सुटणारं लॉक

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "सर, थोरला गेला बहुतेक. दिवा संपला असं पोरगं म्हणतंय. संध्याकाळी चक्कर टाका."

काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. अंबड एमआयडीसीत पत्र्याच्या एका शेडमध्ये ते मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतात. फ्रिक्वेन्सी काउंटर, सिग्नल जनरेटर, कधी एखादा जुना ऑसिलोस्कोप. हाताखाली आयटीआय झालेला सिन्नरकडचा एक पोरगा. मी पॉलिटेक्निकला शिकवतो म्हणून वयाने लहान असूनही 'सर'.

'थोरला' म्हणजे त्यांच्याकडचा जुना रुबिडियम फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड: रुबिडियमच्या अणूच्या ठोक्याला धरून अचूक फ्रिक्वेन्सी देणारा डबा. त्याच्याशी ताडून बाकीची यंत्रं जुळवतात. असे दोन आहेत. दोन्ही मोबाइल टॉवरच्या सामानातून निघालेले आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पार्सलने आलेले. लेबलवरच्या तारखेप्रमाणे एक २००१ चा, दुसरा २००७ चा, म्हणून थोरला आणि धाकटा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं त्यात दोष वयाचा होता आणि थोडा आमचा.

दोन्ही नग चोवीस व्होल्टवर चालतात आणि १० मेगाहर्ट्झ देतात. आकाराने जाडजूड वहीएवढे. सुरू करताना दीड-पावणेदोन अँपिअर खेचतात, तापले की अर्ध्या अँपिअरवर येतात. म्हणजे बारा वॉट, चोवीस तास ठेवला तर महिन्याला नऊ युनिट. काकांनी थोरला तसाच ठेवला होता, गेली चार वर्षं, देवापुढच्या नंदादीपासारखा. लाकडी कपाटात, खाली एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा, वर रुबिडियम, दार बंद. धूळ नको म्हणून.

तक्रार कशी उघडकीस आली ते सांगायला हवं. एका ग्राहकाचा काउंटर मार्चअखेर जुळवून दिला होता. पंधरा दिवसांत तो परत आला, १० मेगाहर्ट्झवर सात-आठ हर्ट्झचा फरक घेऊन. ज्या रुबिडियमशी जुळवला तो स्वतः हर्ट्झच्या शंभराव्या भागातही चुकायला नको. पोराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी आकडे नाचत होते सर. मला वाटलं काउंटरच खराब आहे, म्हणून बरा आकडा आला तिथे थांबवलं." किती वाजता जुळवलास? "जेवण झाल्यावर. तीन-साडेतीन."

थोरल्याच्या कनेक्टरवर लॉक झालं की नाही, म्हणजे डब्याने अणूचा ठोका पकडून धरलाय की नाही, हे सांगणारी पिन आहे. तिला एलईडी कोणी जोडलाच नव्हता. चार वर्षं सगळे धरून चाललेले की डबा गरम आहे म्हणजे तो बरोबर आहे.

संशय दिव्यावर का गेला

रुबिडियमच्या डब्यात नेमकं काय म्हातारं होतं हे कळायला आत काय चालतं ते थोडं बघू.

आत काचेचा एक छोटा दिवा असतो. त्याला फिलामेंट नाही, इलेक्ट्रोड नाही. त्यात चिमूटभरही म्हणता येणार नाही इतकं रुबिडियम आणि थोडा निष्क्रिय वायू भरलेला असतो. भोवतीच्या वेटोळ्यातून रेडिओ लहरींची ताकद दिली की तो गुलाबी-जांभळा पेटतो. रुबिडियम ३९ अंशांनाच वितळतं. म्हणजे आमच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी ते टेबलावर ठेवलं तर पातळच होईल, पेट घेईल ते वेगळं. दिवा मात्र शंभर अंशांच्या वर ठेवावा लागतो, म्हणजे पुरेशी वाफ होते. त्याचा प्रकाश रुबिडियम-८७ ची वाफ भरलेल्या दुसऱ्या काचेच्या कुपीतून जातो आणि पलीकडच्या फोटोडायोडवर पडतो. कुपीला मायक्रोवेव्ह दिले आणि त्यांची फ्रिक्वेन्सी अणूच्या स्वतःच्या ठोक्याशी बरोबर जुळली, तर कुपी किंचित जास्त प्रकाश गिळते. फोटोडायोडवरचा उजेड शेकड्यातल्या एखाद्या भागाने किंवा त्याहूनही कमीने पडतो. हा ठोका ६,८३,४६,८२,६१० हर्ट्झच्या आसपास आहे.

मायक्रोवेव्ह येतात कुठून? एका साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलमधून, गुणाकार करून. बाहेर मिळणारे १० मेगाहर्ट्झही त्याच क्रिस्टलचे. रुबिडियम स्वतः काहीच बाहेर देत नाही. तो मुकादम आहे. क्रिस्टल जरा वर गेला की "खाली ये", खाली गेला की "वर जा", एवढंच तो एका व्होल्टेजने सांगत राहतो. हा क्रिस्टल व्होल्टेज आमच्या नगात एका पिनवर बाहेर काढलेला आहे. दुसऱ्या पिनवर दिव्याचा व्होल्टेज मिळतो. त्याला लॅम्प व्होल्टेज म्हणतात, पण तो दिव्याला दिलेला व्होल्टेज नव्हे. फोटोडायोडवर किती उजेड पोचतोय त्याचं ते माप आहे.

बाजारात फिरणाऱ्या जुन्या नगांत सगळ्यांकडे हे नसतं. एलपीआरओ-१०१ मध्ये दोन्ही व्होल्टेज पिनवर मिळतात. पीआरएस-१० सिरियल पोर्टवरून स्वतःची तब्येत सांगतो. एफई-५६८०ए घेतला तर डबा न उघडता लॉक आहे की नाही यापलीकडे फारसं कळत नाही. जुना नग घेताना मी तरी दिवा आणि क्रिस्टल बाहेरून मोजता येणाराच घेईन, थोडा महाग पडला तरी.

दिव्यावर संशय जाणं स्वाभाविक होतं. रुबिडियम हळूहळू काचेत मुरतं, हे या दिव्यांचं जुनं दुखणं. दिव्यात किती रुबिडियम उरलंय हे मोजायची एक सुंदर युक्ती आहे. दिवा कॅलरीमीटरमध्ये ठेवून ३९ अंश ओलांडायचे आणि आतलं रुबिडियम वितळताना किती उष्णता पिते ते मोजायचं. अशा मापांतून दिसलं की खप सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने मंदावतो. ज्या दिव्याने पहिली काही वर्षं नीट काढली, तो पुढची बरीच काढतो.

इथे शेजारच्या शेडमधल्या एका गृहस्थांची शंका आठवते. अणुघड्याळ म्हणजे किरणोत्सर्ग, तो संपला की घड्याळ संपलं, असं त्यांचं म्हणणं. रुबिडियम-८७ किंचित किरणोत्सर्गी आहे खरं, पण त्याचं अर्धायुष्य सुमारे ४९ अब्ज वर्षं. घड्याळ त्या क्षयावर चालतही नाही. काका त्यांना म्हणाले, "तेवढी वॉरंटी पुरे."

काट्याचा मल्टीमीटर

त्या संध्याकाळी मी पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि थोरला लॉकमध्ये होता. लॅम्प व्होल्टेज ७.२. या नगाच्या पुस्तिकेप्रमाणे ३ च्या खाली गेला तर दिवा अखेरीला आला समजायचं. ७.२ म्हणजे ठणठणीत.

"मग दुपारी काय होतं याला?" काकांनी विचारलं.

दुपारी बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. शनिवारी शेडला सुट्टी असते, म्हणून शनिवार धरला. डिजिटल मीटर होते, पण काकांनी फळीवरून जुना काट्याचा मल्टीमीटर काढला आणि क्रिस्टलच्या पिनवर लावला. हा निर्णय त्यांचा, आणि बरोबर होता. हळू सरकणारी गोष्ट काट्यावर जशी दिसते तशी आकड्यांत दिसत नाही.

सकाळी आठला काटा १.८ व्होल्टवर. निरोगी नगात तो मधोमध, सात-आठच्या आसपास असायला हवा. इथेच मला अर्धं उत्तर मिळालं होतं, पण बोललो नाही. अकराला १.३. शेडचा पत्रा तापत चालला. कपाटाचं दार नेहमीसारखं बंद ठेवलं आणि थर्मामीटरची तार रुबिडियमच्या तळाच्या पत्र्याला टेपने चिकटवली. दीडला ०.८. पोरगा मिसळ घेऊन आला, कोणाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. तीनला दहा कमी असताना काटा अर्ध्या व्होल्टच्या खाली टेकला, क्षणभर थरथरला आणि एकदम निघाला. सावकाश वर, पार उजवीकडे, तिथून परत सावकाश खाली. पुन्हा वर. विहिरीत पडलेली कळशी गळाने शोधावी तसा डबा क्रिस्टलला वरखाली ओढत अणूचा ठोका शोधत होता. ठोका त्याच्या पोचेच्या किंचित बाहेर गेला होता, म्हणून सापडत नव्हता. पत्र्याचं तापमान ६३ अंश. लॅम्प व्होल्टेज अजूनही ७ च्या वर.

पोरगा म्हणाला, "हेच. असेच आकडे नाचत होते."

दिवा जिवंत होता. मुकादम जागेवर होता. मजूर थकला होता. क्वार्ट्झ क्रिस्टल वयाबरोबर सरकत जातो, बहुधा एकाच दिशेला, आणि मुकादम दरवर्षी थोडा जास्त जोर लावून त्याला जागेवर धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, फ्रिक्वेन्सी अचूक असते. ताणण्याची हद्द संपली की मग एका दिवसात सगळं सुटतं. थोरल्याची हद्द वीसेक वर्षांत संपत आली होती. तापमानाने क्रिस्टल आणखी थोडा सरकायचा आणि उरलेला अर्धा-एक व्होल्ट दुपारी तीनच्या उन्हात जायचा. रात्री थंड झालं की लॉक परत. थंडीत हे कधी लक्षात आलं नसतं. जानेवारीत आमच्याकडे शेडमध्ये सकाळी हात चोळावे लागतात.

ट्रिमर फिरवला तेव्हा

पुढच्या शनिवारी थोरला उघडला. त्याआधी काकांनी टेबलावरचे चुंबकी टोकाचे स्क्रू-ड्रायव्हर लांब नेऊन ठेवले, कारण या डब्यांना चुंबकीय कवच असतं आणि आतल्या कुपीभोवती एक ठरावीक कमजोर चुंबकीय क्षेत्र राखलेलं असतं. त्या क्षेत्राला सी-फील्ड म्हणतात. फ्रिक्वेन्सी अगदी बारीक हलवायची असेल तर तेच वापरतात.

या नगात क्रिस्टलशेजारी छोटा ट्रिमर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा कपॅसिटर, होता. तो फिरवला की क्रिस्टल थोडा सरकतो. सगळ्यांत नसतो. नसेल तिथे क्रिस्टलच्या जोडीचा फिक्स कपॅसिटर बदलून बघावा लागतो आणि ते काम नाजूक आहे.

ताडून बघायला मी घरून माझा जीपीएसच्या वेळेशी बांधलेला ऑसिलेटर आणला होता. काकांकडेही एकेकाळी जीपीएस होतं, पण पत्र्यावरून अँटेनाची तार कोणीतरी तांब्यासाठी कापून नेली आणि त्यांनी नाद सोडला. स्कोपच्या एका चॅनेलवर माझे १० मेगाहर्ट्झ, दुसऱ्यावर थोरल्याचे, ट्रिगर माझ्यावर. थोरल्याची लाट जवळजवळ स्थिर. काट्याचा मीटर क्रिस्टलवर, ताज्या हवेत १.९.

प्लास्टिकच्या ट्रिमर-ड्रायव्हरने एक अष्टमांश फेरा दिला. काटा खाली आला. उलटी दिशा. परत फिरवला, काटा २.५, मग ३. स्कोपवरची लाट जागची हलली नाही. काका चष्मा कपाळावर चढवून स्कोपकडे बघत राहिले. "तुम्ही क्रिस्टल ओढताय आणि बाहेर काहीच होत नाही?" काहीच नाही. ट्रिमरने क्रिस्टल जेवढा सरकवला, तेवढाच जोर मुकादमाने कमी केला. मी हे बावीस वर्षं फळ्यावर शिकवतोय. समोर काटा चालताना आणि लाट थांबलेली असताना बघायची माझीही पहिलीच वेळ.

झाकण उघडं असताना आतलं तापमान वेगळं असतं, म्हणून दर वेळी झाकण लावून वीस मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा, पुन्हा उघडायचं. पाच फेऱ्यांत दिवस गेला. संध्याकाळी झाकण बंद, डबा गरम, क्रिस्टल ७.४ व्होल्ट.

मग कपाट. रुबिडियम काढून अर्धा इंची ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बसवला, मधे उष्णता वाहणारी पेस्ट, बाजूला संगणकातला छोटा पंखा. एसएमपीएस वेगळ्या फळीवर. मेमधल्या तशाच तापलेल्या दुपारी पत्र्याचं तापमान ४७ आलं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दहा अंश कमी झाले की साधारण दुप्पट होतं, या हिशेबाने सोळा अंशांत तिप्पट. पंख्याने दिव्याचं आयुष्यही वाढेल असं मात्र समजू नये. दिव्याचा ओव्हन बाहेर काहीही असलं तरी स्वतःचं तापमान राखतो, त्यामुळे दिवा जळायचा तसाच जळतो. पंखा कपॅसिटर, सोल्डर आणि क्रिस्टल यांच्यासाठी. आणि ओव्हनला राखायला जागा लागते म्हणूनही. कुपीचा ओव्हन बाहेरच्यापेक्षा गरम असायला हवा. तळाचा पत्राच त्याच्याजवळ तापला तर ओव्हनच्या हातात काही उरत नाही.

लॉकच्या पिनला हिरवा एलईडी त्याच दिवशी लावला. पोराने स्वतःहून आणखी एक बझर जोडला. तो आम्हाला सुचला नव्हता.

धाकट्याचं वेगळंच

थोरला रुळावर आला म्हणून काका तिसरा नग मागवायचा बेत सोडणार होते. "धाकटा आहेच की स्पेअरला. सहा वर्षांनी लहान. चार मिनिटांत लॉक होतो."

तो मोजायचा राहिला होता. लावला. चार मिनिटांत लॉक, खरंच. क्रिस्टल ८.१, उत्तम. लॅम्प व्होल्टेज ४.१.

काकांच्या पार्सल-वहीत व्यापाऱ्याने चाचणीची चिठ्ठी चिकटवलेली सापडली. जानेवारीतली, त्यावर लॅम्प ४.४ लिहिलेलं. तीन महिन्यांत ०.३ गेले, आणि त्यातले बरेच दिवस नग बंदच होता. दोन मीटरमधला फरकही असू शकेल, म्हणून मी फार बोललो नाही. पण झाकण काढल्यावर पॉवर ट्रान्झिस्टरभोवतीचा बोर्ड तपकिरी झालेला दिसला. थोरल्याचा बोर्ड अजून हिरवा. लेबलवरची तारीख जन्माची असते, नोकरीची नाही. धाकटा कुठल्या तरी बंद, गरम कपाटात रात्रंदिवस जळला असणार. थोरला बहुधा राखीव म्हणून बराच काळ बंद पडून असावा. दहा वर्षं अखंड म्हणजे ८७,६०० तास. जुन्या नगाच्या जाहिरातीत वर्ष असतं, तास कधीच नसतात.

टॉवरमध्ये हे डबे का असायचे, तेही सांगतो. सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या मोबाइल जाळ्यात प्रत्येक टॉवरची वेळ दुसऱ्याशी मायक्रोसेकंदांच्या हिशेबात जुळावी लागे. जीपीएस गेलं तर तासन्‌तास ती वेळ धरून ठेवायला रुबिडियम. ते जाळं बंद होत गेलं तसे डबे भंगारात आले. काकांची भंगारातली नजर अंबड-सातपूर लिंक रोडच्या बाजारात तयार झालेली. तो बाजार २०१७ मध्ये हटवला, पण सवय हटली नाही.

उजेड घटला म्हणजे रुबिडियमच संपलं असं लगेच म्हणता येत नाही. दिव्याची काच काळवंडते, दिव्याला ताकद देणारा ऑसिलेटर मंदावतो. कधी तर रुबिडियम दिव्याच्या तोंडाकडे जमून पातळ आरसा तयार होतो आणि आतला उजेड अडतो. तसं असेल तर दिवा काढून गरम हवेच्या गनने काळजीपूर्वक तापवतात, म्हणजे तो थर मागे सरकतो. तसं केल्यावर लॅम्प व्होल्टेज वर आल्याची उदाहरणं आहेत. आम्ही ते केलं नाही. चालता दिवा काढताना काच फुटली तर हातचं जातं. लॉक सुटेल त्या दिवशी करू, तेव्हा गमावण्यासारखं काही उरलेलं नसेल.

काकांचा खरा प्रश्न

इतकं झाल्यावर काकांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मला पहिल्याच दिवशी बोलावायला हवं होतं. "सर, एक सांगा. हे किती वर्षं टिकतं?"

मी म्हटलं, दोन वेगळे प्रश्न एकत्र करू नका. किती सरकतं आणि कधी मरतं. सरकण्याला एजिंग म्हणतात. कुपीतल्या वायूचा दाब बदलतो, काचेतून हवेतला हीलियम आत शिरतो, दिव्याचा उजेड कमी होऊन त्याचा परिणाम बदलतो, आणि ठोकाच थोडा हलतो. मुळात हा वायू ठोका काही हजार हर्ट्झने सरकवतो, म्हणून रुबिडियमला प्राथमिक मानक म्हणत नाहीत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झवर आहे. रुबिडियमला कधीतरी कोणाशी तरी ताडून बघावंच लागतं.

पण हे सरकणं वयाबरोबर मंदावतं. या बाबतीत जुना नग नव्यापेक्षा शांत असू शकतो. मरण येतं दुसरीकडून: क्रिस्टल, कपॅसिटर, सोल्डर, दिवा.

सरकणं मोजायला महागडं काही लागत नाही. स्कोपवर १० मेगाहर्ट्झची एक लाट म्हणजे १०० नॅनोसेकंद. ती एक पूर्ण लाट सरकायला १०० सेकंद लागले तर फरक अब्जात एक. १,००० सेकंद लागले तर दहा अब्जांत एक. पोराला घड्याळ देऊन बसवलं. थोरल्याची एक लाट सरकायला ४१ मिनिटं लागली, म्हणजे शंभर अब्जांत चार. धाकट्याची सव्वानऊ मिनिटांत गेली, म्हणजे शंभर अब्जांत अठरा. जीपीएस स्वतः तासाभरात काही दशक नॅनोसेकंद इकडे-तिकडे डोलतं, त्यामुळे एका लाटेवर भरवसा न ठेवता रात्रभर मोजलं. आकडे फार बदलले नाहीत.

काकांची गरज किती? ते काउंटरच्या आतले ओव्हनवाले क्रिस्टल जुळवतात, दहा कोटींत एक भागापर्यंत. त्याच्या दहापट चांगला संदर्भ हवा, म्हणजे अब्जात एक. धाकटाही त्याच्या पाचपट आत आहे. अशा नगांच्या माहितीपत्रकात महिन्याला शंभर अब्जांत पाच इतकं एजिंग लिहिलेलं असतं. तेवढं सगळं एकाच दिशेला झालं तरी अब्जात एक व्हायला वीस महिने लागतील. वर्षातून एकदा जीपीएसशी ताडलं की झालं. म्हणून मी सी-फील्डला हातही लावू दिला नाही. आज शून्यावर आणला तर उद्या तो किती सरकला याचा धागाच तुटतो. चुकीचा आकडा माहीत असला की तो वजा करता येतो.

प्रमाणपत्राचा विषय निघाला तेव्हा मी सांगितलं की शेडमधला डबा हा दाखला नव्हे. देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि कागद हवा असेल तर तिथपर्यंत पोचणारी मान्यताप्राप्त साखळी लागते. काकांना ते ठाऊक होतं. विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तेच कागद सांभाळले.

"इस्रोचीसुद्धा बंद पडली होती ना ही घड्याळं?" पोराने विचारलं. पडली होती. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए वरची तिन्ही रुबिडियम घड्याळं २०१६-१७ च्या सुमारास निकामी झाली. ती आयात केलेली होती. देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ बरोबर गेलं. तिथे झाकण उघडून ट्रिमर फिरवायला कोणी जाऊ शकत नाही.

चालू ठेवायचा की बंद

यावर काका आणि मी जवळजवळ भांडलो. त्यांचं म्हणणं, चालू-बंद केलं की सोल्डरला तडे जातात, आणि बंद करून सुरू केला की पहिल्या काही तासांत आकडा जागेवर बसत नाही. दोन्ही खरं आहे. माझं म्हणणं, बंद दिवा थंड असतो आणि थंड काचेत रुबिडियम मुरत नाही म्हटलं तरी चालेल. आठवड्यात दोन दिवस जुळवणीचं काम असेल तर पाच दिवस नंदादीप कशाला?

शेवटी असं ठरलं. थोरला सोमवारी सकाळी लावायचा, मंगळवारी संध्याकाळी बंद. जुळवणी सोमवारी दुपारच्या जेवणानंतरच, हिरवा दिवा बघून. धाकटा कपाटात, महिन्यातून एकदा दोन तास, फक्त मोजायला. भिंतीवर खिळ्याला एक शंभरपानी वही टांगली. तारीख, पत्र्याचं तापमान, लॅम्प, क्रिस्टल, एक लाट किती मिनिटांत. तापमानाचा रकाना पोराने आधी गाळला होता. क्रिस्टलचा आकडा उन्हाने किती हलतो ते बघितल्यावर त्यानेच परत आखला.

सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी अशा. थोरल्याचा लॅम्प ७.२ वर, मधे एकदा ७.१. क्रिस्टल त्याच तापमानाला ७.४ वरून ७.३. सरकणं शंभर अब्जांत चारवरून साडेपाचवर. धाकट्याचा लॅम्प मेमध्ये ३.९, जुलैत ३.८, सप्टेंबरमध्ये ३.७, सरकणं अठरावरून तेवीसवर. उजेड घटत असताना ते वाढणं अपेक्षितच.

मागच्या सोमवारी गेलो तेव्हा धाकट्याच्या झाकणावर काकांनी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. त्यावर मार्करने तीनच शब्द: 'उघडू नका. मोजा.' आणि टेबलाखाली नवी गरम हवेची गन, खोक्यातच, अजून फोडलेली नाही.